बुल डरहम (चित्रपट)

बुल डरहम हा १९८८ साली प्रदर्शित झालेला इंग्लिश भाषेतील अमेरिकन चित्रपट आहे. प्रणयरम्य सुखात्मिका आणि क्रीडापट अशा दोन्ही प्रकारांत त्याची गणना केली जाते. चित्रपटाचे लेखन व दिग्दर्शन रॉन शेल्टन यांचे असून केव्हिन कॉस्टनर, सुझन सरँडन आणि टिम रॉबिन्स यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहम शहराच्या 'डरहम बुल्स' या कनिष्ठ श्रेणीतील बेसबॉल संघाभोवती ही कथा घडते. बहुतेक क्रीडापटांचा शेवट अटीतटीच्या अंतिम सामन्याने होतो. या चित्रपटात तसा सामना नाही आणि विजेतेपद कोणाला मिळाले याला कथेत फारसे महत्त्वही नाही. ज्याला खेळ उत्तम कळतो, पण ज्याची गुणवत्ता सर्वोच्च पातळीपासून थोडक्यात कमी पडली, अशा खेळाडूने आपल्या ज्ञानाचे पुढे काय करायचे, हा या विनोदी चित्रपटाचा गंभीर प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

चित्रपट समजण्यासाठी अमेरिकन बेसबॉलची रचना थोडी माहीत असणे आवश्यक आहे. 'मेजर लीग' ही व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च श्रेणी होय. तिच्याखाली 'मायनर लीग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक श्रेणी पायऱ्यांप्रमाणे रचलेल्या आहेत. त्यांतील 'ट्रिपल-ए' ही सर्वांत वरची, तिच्याखाली 'डबल-ए' आणि त्याखाली 'सिंगल-ए' येते. मेजर लीगमधील प्रत्येक क्लबचे या प्रत्येक पायरीवर संलग्न संघ असतात. सेंट लुईस कार्डिनल्स या क्लबचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात या पद्धतीला व्यवस्थित रूप दिले. तिला 'फार्म सिस्टम' म्हणतात, म्हणजे जणू खेळाडूंची शेतीच.

या व्यवस्थेत खेळाडूचा करार मूळ क्लबशी होतो आणि त्याचे वेतनही तोच क्लब देतो. प्रशिक्षकही तोच नेमतो. स्थानिक मालकाकडे मैदान, तिकिटे आणि प्रवासाची बस यांची जबाबदारी राहते. त्यामुळे मायनर लीगमधील संघाने सामना जिंकला की हरला, यापेक्षा त्यातला होतकरू खेळाडू वर जाण्यास कधी योग्य होईल, याकडे मूळ क्लबचे अधिक लक्ष असते. गावातील प्रेक्षक मात्र आपल्या संघाच्या विजयासाठी तिकीट काढतो. चित्रपटातील बराचसा विनोद आणि बराचसा विषाद या विसंगतीतून निर्माण होतो.

क्रिकेटच्या परिभाषेत सांगायचे तर 'पिचर' हा गोलंदाज आणि 'कॅचर' हा फलंदाजाच्या मागे बसणारा यष्टिरक्षक. परंतु बेसबॉलमधील कॅचरचे काम चेंडू अडवण्यापुरते नसते. पुढचा चेंडू वेगवान टाकायचा की वळणारा, हे तो बोटांच्या खुणांनी पिचरला सुचवतो. पिचरने मान हलवून खूण नाकारली तर दोघांत मतभेद आहे असे समजायचे. तीन 'स्ट्राइक' झाले की फलंदाज बाद होतो, तर चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले की त्याला पहिल्या बेसवर फुकट जाता येते. या दुसऱ्या प्रकाराला 'वॉक' म्हणतात.

कथानक

डरहम बुल्स हा सिंगल-ए श्रेणीतील, सतत हरणारा संघ आहे. त्यात एबी कॅल्व्हिन ललूश (टिम रॉबिन्स) हा तरुण पिचर दाखल झाला आहे. त्याच्या हाताचा वेग विलक्षण आहे, पण चेंडू कुठे जाईल हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. पहिल्याच सामन्यात तो १८ फलंदाजांना स्ट्राइकआउट करतो आणि १८ जणांना वॉक देतो. दोन्ही आकडे लीगमधील विक्रम ठरतात. शिवाय त्याचे चेंडू मैदानावरील बैलाच्या वेषातील शुभंकरालाही लागतात. स्वतःसाठी त्याने 'न्यूक' हे टोपणनाव पसंत केले आहे.

या मुलाला घडवण्यासाठी मूळ क्लब ट्रिपल-ए श्रेणीतील अनुभवी कॅचर क्रॅश डेव्हिस (केव्हिन कॉस्टनर) याला दोन पायऱ्या खाली डरहमला पाठवतो. क्रॅशने मायनर लीगमध्ये १२ वर्षे काढली आहेत. मेजर लीगमध्ये त्याला फक्त २१ दिवस मिळाले. दुसऱ्याच्या भवितव्यासाठी आपल्याला खाली उतरवले गेल्याचे कळताच तो खेळ सोडल्याचे जाहीर करून खोलीबाहेर पडतो आणि क्षणार्धात परत येऊन उद्याचा सामना कोणाशी आहे असे विचारतो. पात्राची ओळख करून देणारा इतका नेमका प्रसंग चित्रपटांत विरळाच.

कथेची निवेदिका ॲनी सव्हॉय (सुझन सरँडन) ही जवळच्या महाविद्यालयात अर्धवेळ इंग्लिश शिकवणारी आणि बेसबॉलवर धार्मिक निष्ठा असणारी स्त्री आहे. दर हंगामात ती संघातील एका खेळाडूची प्रियकर म्हणून निवड करते, त्याला कविता वाचून दाखवते आणि त्याच्या खेळातील दोषही दुरुस्त करते. यंदा निवड न्यूक आणि क्रॅश यांच्यात आहे. या वयात आणि इतक्या अनुभवानंतर आपण निवडचाचणी देणार नाही, असे सांगून क्रॅश निघून जातो. जाण्यापूर्वी आपण कशाकशावर विश्वास ठेवतो याची जी लांबलचक यादी तो सुनावतो, ती ऐकून ॲनी त्याच्यावर भाळते. तरीही तिच्या वाट्याला न्यूकच येतो.

पुढे दोघेही न्यूकला शिकवू लागतात. ॲनी त्याला श्वासोच्छ्वास आणि लय शिकवते, तर क्रॅश विचार करणे थांबवायला शिकवतो. न्यूकने आपली खूण नाकारताच क्रॅश समोरच्या फलंदाजाला पुढचा चेंडू कोणता येणार हे सरळ सांगून टाकतो. चेंडू मैदानाबाहेर जातो आणि धडा कायमचा लक्षात राहतो. संघ जिंकू लागतो, न्यूकला मेजर लीगचे बोलावणे येते आणि त्याच सुमारास क्रॅशचे काम संपते. व्यवस्थापकाला नाइलाजाने त्याला संघातून मोकळे करावे लागते. क्रॅश ॲनीकडे येतो आणि त्यांचे प्रेम उघड होते. मग तो ॲशव्हिल येथील संघात जाऊन आपला २४७ वा होम रन मारतो, खेळातून निवृत्त होतो आणि भर पावसात ॲनीच्या ओसरीवर परत येतो. एखाद्या लहान संघाचा व्यवस्थापक होण्याचा विचार त्याच्या मनात आहे.

आशय

क्रॅश न्यूकच्या हेव्याने बोलत असताना एक साधे गणित मांडतो. ५०० वेळा फलंदाजीला आलेल्या खेळाडूने १२५ यशस्वी फटके मारले तर त्याची सरासरी ०.२५० होते आणि १५० मारले तर ०.३००. पहिला खेळाडू सामान्य गणला जातो, दुसरा नामवंत होतो. फरक केवळ २५ फटक्यांचा. सुमारे सहा महिन्यांच्या हंगामात तो आठवड्याला एक फटका इतकाच भरतो, आणि तो फटकाही जोरदार असण्याची गरज नाही. दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून निसटलेला किंवा कोणाच्याही हाती न लागता अलगद पडलेला एखादा चेंडू पुरतो. संपूर्ण चित्रपटाचा कणा या हिशेबात आहे. क्रॅशला खेळ कळत नाही किंवा त्याने कष्ट केले नाहीत असे नव्हे. आठवड्याला एका फटक्याने तो मागे राहिला. न्यूकला देणगी मिळाली आहे, पण तिची किंमत ठाऊक नाही, आणि क्रॅशला किंमत ठाऊक आहे, पण देणगी अपुरी पडली.

त्यामुळे या चित्रपटातील खरे नाते गुरुशिष्याचे आहे, आणि तेही भाबडे नाही. क्रॅशला शिष्याचा मत्सर वाटतो. एकदा तो त्याच्याशी मारामारीही उकरून काढतो. पण शिकवण्यात कसूर करत नाही. बसच्या प्रवासात तो न्यूकला पत्रकारांसमोर बोलायची ठरावीक, निरुपद्रवी, कंटाळवाणी वाक्ये लिहून घ्यायला लावतो. चित्रपटाच्या अखेरीस मेजर लीगमध्ये पोहोचलेला न्यूक मुलाखतीत हीच वाक्ये बोलताना दिसतो. विनोदी वाटणारा हा प्रसंग नीट पाहिला तर खिन्न करणारा आहे, कारण शिष्याच्या तोंडी गुरूचे शब्द आहेत आणि पडद्यासमोरच्या प्रेक्षकाखेरीज कोणालाही त्यांचा कर्ता माहीत नाही.

क्रॅशच्या विक्रमाची गतही अशीच होते. मायनर लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारण्याचा विक्रम म्हणजे सर्वांत जास्त काळ वर जाता न आल्याचा पुरावा. म्हणून त्याला त्याची प्रसिद्धी नको असते. तो विक्रम ॲनीच्या लक्षात येतो, वृत्तपत्रांच्या येत नाही. येथे हेही नोंदवले पाहिजे की चित्रपटातील २४७ हा आकडा वास्तवाशी जुळत नाही. अमेरिकेतील मायनर लीगमध्ये बझ आर्लेट यांच्या नावावर ४३२ होम रन होते आणि तो विक्रम २०१५ मध्ये माइक हेसमन यांनी मोडला. कथेच्या दृष्टीने मात्र आकड्याच्या चुकीने काही बिघडत नाही.

ॲनीच्या पात्राविषयी मतभेद आहेत. खेळाडूंच्या मागे लागणाऱ्या स्त्रियांना अमेरिकन बोलीत 'बेसबॉल ॲनी' असे हिणवून म्हटले जाते, आणि पात्राचे नाव तेथूनच आले आहे. शेल्टन यांनी मात्र या हिणकस कल्पनेला उलटे केले. येथे निवड स्त्री करते, नियम तिचे असतात आणि कथा सांगण्याचा अधिकारही तिचाच असतो. क्रीडापटात स्त्रीच्या आवाजात निवेदन असणे त्या काळी दुर्मीळ होते. दोन पुरुषांच्या शिक्षणाभोवतीच तिचे आयुष्य फिरते, हा आक्षेप तरीही पूर्णपणे खोडून काढता येत नाही. उत्तरार्धात तिला एकटेपणाची जाणीव होते. त्या दृश्यांत सरँडन यांचा अभिनय पटकथेच्या पुढे जातो.

ॲनीच्या सुरुवातीच्या स्वगताकडे मराठी वाचकांचे विशेष लक्ष जाईल. आपण सगळे धर्म करून पाहिले, असे सांगताना ती ज्यांची उपासना केली त्यांत ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांची नावे घेते आणि अखेरीस बेसबॉल हाच खरा धर्म असल्याचा निर्वाळा देते. तिच्या मते कॅथलिक जपमाळेत १०८ मणी असतात आणि बेसबॉलच्या चेंडूलाही १०८ टाके असतात. टाक्यांचा आकडा बरोबर आहे. कॅथलिक पंथातील नेहमीच्या जपमाळेत मात्र ५९ मणी असतात. १०८ मण्यांची माळ हिंदू आणि बौद्ध परंपरेतली. चित्रपटाची लांबीही १०८ मिनिटांची आहे.

चित्रपटात साहित्याचे संदर्भ विपुल आहेत. ॲनी न्यूकला पलंगाला बांधून वॉल्ट व्हिटमन यांची कविता वाचून दाखवते, आणि त्याआधी तो निरागसपणे विचारतो की हा व्हिटमन कोणत्या संघाकडून खेळतो. शेवटच्या निवेदनातही व्हिटमन यांच्या नावे प्रसिद्ध असलेले बेसबॉलविषयीचे उद्गार येतात.

मूळ व्यक्ती

शेल्टन यांनी स्वतः १९६७ ते १९७१ या काळात बाल्टिमोर ओरिओल्स क्लबच्या मायनर लीग संघांतून क्षेत्ररक्षक म्हणून खेळून ट्रिपल-ए श्रेणीपर्यंत मजल मारली होती. मेजर लीगपर्यंत ते पोहोचले नाहीत. बसचे रात्रीचे प्रवास, कपडे बदलण्याच्या खोलीतील संवाद आणि खेळाडूंच्या अंधश्रद्धा यांचे चित्रण अस्सल वाटते, त्याचे कारण हेच.

'क्रॅश डेव्हिस' हे नाव त्यांना कॅरोलायना लीगच्या जुन्या नोंदींत आढळले. लॉरेन्स 'क्रॅश' डेव्हिस या खऱ्या खेळाडूने १९४८ मध्ये डरहम बुल्सकडून खेळताना ५० 'डबल' मारले होते. फटका मारून थेट दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचणे म्हणजे डबल. नाव वापरण्याची परवानगी मागितली तेव्हा, चित्रपटात नायिका अखेर आपल्यालाच मिळते ना, एवढेच त्यांनी विचारल्याचे सांगतात. गंमत अशी की खरे डेव्हिस १९४० ते १९४२ या काळात फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सकडून मेजर लीगमध्ये खेळले होते, म्हणजे त्यांच्या पडद्यावरील नामधारकापेक्षा कितीतरी अधिक. पुढे शेल्टन यांच्या 'कॉब' (१९९४) या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिकाही केली.

न्यूकच्या पात्रामागे स्टीव्ह डाल्कोव्स्की यांची कहाणी आहे, आणि ती विनोदी नाही. ओरिओल्सच्या मायनर लीगमधील हा डावखुरा पिचर त्याच्या काळातील सर्वांत वेगवान मानला जाई. शेल्टन खेळू लागले त्याआधीच डाल्कोव्स्की यांची कारकीर्द संपली होती, पण त्यांच्या दंतकथा संघाच्या बसमधून फिरत होत्या. १९६० मध्ये स्टॉकटन येथील संघाकडून खेळताना त्यांनी १७० डावांत २६२ स्ट्राइकआउट आणि तितकेच, म्हणजे २६२, वॉक नोंदवले. १९६३ च्या वसंत ऋतूत मेजर लीगच्या उंबरठ्यावर असताना त्यांच्या कोपराला दुखापत झाली. मेजर लीगचा एकही अधिकृत सामना त्यांना खेळता आला नाही. नंतरची बरीच वर्षे व्यसनाधीनतेत आणि मोलमजुरीत गेली. एप्रिल २०२० मध्ये कोविड-१९ मुळे त्यांचे निधन झाले. चित्रपटातील न्यूकला क्रॅश भेटतो, हा शेल्टन यांनी वास्तवात केलेला सर्वांत मोठा बदल म्हणता येईल.

निर्मिती

बेसबॉलवरील चित्रपट चालत नाहीत, असा त्या काळी हॉलिवूडमध्ये समज होता आणि अनेक स्टुडिओंनी ही पटकथा नाकारली. अखेर ओरायन पिक्चर्सने ती स्वीकारली. निर्माते थॉम माऊंट हे डरहम बुल्स संघाचे एक भागीदार होते. शेल्टन यांचे दिग्दर्शनातील हे पदार्पण. कॉस्टनर यांना खेळाची उत्तम जाण आणि सराव होता. रॉबिन्स यांच्या निवडीबाबत मात्र स्टुडिओ साशंक होता आणि शेल्टन यांना त्यांच्यासाठी आग्रह धरावा लागला.

चित्रीकरण १९८७ च्या शरद ऋतूत प्रामुख्याने डरहम येथील जुन्या 'डरहम ॲथलेटिक पार्क' मैदानावर झाले. कथा उन्हाळ्यातील असल्यामुळे वाळलेले गवत हिरवे रंगवावे लागले. व्यवस्थापकाची भूमिका करणारे ट्रे विल्सन यांचे चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९८९ मध्ये, अकाली निधन झाले. साहाय्यक प्रशिक्षक झालेले रॉबर्ट वुल यांनी एका प्रसंगात उत्स्फूर्त भर घातली. सामना थांबवून पिचरभोवती जमलेले खेळाडू शापित हातमोजा आणि सहकाऱ्याच्या लग्नातील अहेर यांवर गंभीर चर्चा करत असतात, तेव्हा धावत आलेला प्रशिक्षक मेणबत्तीदाण्या देण्याचा सल्ला देऊन परत जातो. मायनर लीगच्या मैदानांवर अनेक दशके विदूषकी करणारे मॅक्स पॅटकिन चित्रपटात स्वतःच्याच रूपात दिसतात.

चित्रपटाचे नाव एकोणिसाव्या शतकापासून डरहममध्ये तयार होणाऱ्या एका प्रसिद्ध तंबाखूच्या छापावरून आले आहे. बैल हे त्या छापाचे चिन्ह होते आणि संघाचे नावही त्यावरूनच पडले. राखीव पिचर सराव करतात त्या जागेला 'बुलपेन' म्हणतात. हा शब्दही मैदानांच्या कुंपणांवरील या तंबाखूच्या जाहिरातींमुळे रूढ झाला, असे काही जण मानतात. ही व्युत्पत्ती रंजक असली तरी सर्वमान्य नाही. चित्रीकरण झाले त्याच वर्षी अमेरिकन टोबॅको कंपनीचा शहरातील कारखाना बंद पडला. पडद्यावर दिसणारे डरहम हे एका युगाच्या शेवटचे डरहम आहे.

प्रतिसाद आणि उत्तरकाळ

जून १९८८ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने सुमारे ९० लाख डॉलर खर्चाच्या तुलनेत केवळ उत्तर अमेरिकेत ५ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. शेल्टन यांना सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेसाठी ऑस्कर नामांकन मिळाले, परंतु पुरस्कार 'रेन मॅन'ला गेला. अमेरिकन लेखक संघटनेचा पुरस्कार मात्र शेल्टन यांना मिळाला. 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकाने २००३ मध्ये सर्वोत्तम क्रीडापटांच्या यादीत त्याला पहिले स्थान दिले, तर अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या क्रीडापटांच्या यादीत तो पाचवा आहे. सरँडन आणि रॉबिन्स यांची भेट याच चित्रपटाच्या वेळी झाली आणि त्यांचे सहजीवन २००९ पर्यंत टिकले.

याच दोघांमुळे २००३ मध्ये एक वाद उद्भवला. चित्रपटाच्या १५ व्या वर्षानिमित्त कूपर्सटाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेमने कार्यक्रम योजला होता. सरँडन आणि रॉबिन्स यांनी इराक युद्धाला जाहीर विरोध केल्यामुळे संस्थेचे अध्यक्ष डेल पेट्रोस्की यांनी तो रद्द केला. या निर्णयावर सर्व बाजूंनी टीका झाली. आपण हे प्रकरण वेगळ्या रीतीने हाताळायला हवे होते, असे पेट्रोस्की यांनी पुढे मान्य केले.

शेल्टन यांनी नंतर 'व्हाइट मेन कान्ट जंप' (१९९२) आणि कॉस्टनर यांच्यासह 'टिन कप' (१९९६) हे क्रीडापट केले. बुल डरहमच्या निर्मितीची हकीकत त्यांनी २०२२ मध्ये 'द चर्च ऑफ बेसबॉल' या पुस्तकात सांगितली. चित्रपटावर आधारित संगीतिका २०१४ मध्ये अटलांटा येथे रंगभूमीवर आली.

चित्रपटातील जग आता बरेच बदलले आहे. मेजर लीगने २०२१ पासून मायनर लीगची पुनर्रचना करून संलग्न संघांची संख्या १२० वर आणली आणि अनेक लहान गावांतील संघांचे संलग्नत्व गेले. दुसरीकडे, २०२२ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंना कामगार संघटनेचे संरक्षण मिळाले आणि पुढच्या वर्षी झालेल्या पहिल्या सामूहिक करारात त्यांचे वेतन लक्षणीयरीत्या वाढले. डरहम बुल्स संघ १९९५ मध्ये नव्या मैदानावर गेला आणि १९९८ पासून ट्रिपल-ए श्रेणीत खेळतो, म्हणजे क्रॅशला जेथून खाली पाठवले गेले त्या पायरीवर. क्रॅशचा ८ क्रमांकाचा गणवेश संघाने सन्मानपूर्वक निवृत्त केला आहे.

चित्रपटासाठी जुन्या मैदानावर एका बैलाचा भव्य फलक उभारण्यात आला होता. चेंडू बैलाला लागला तर खेळाडूला मांसाहारी भोजन, असे आमिष त्यावर लिहिलेले होते. नव्या मैदानावरही तसाच फलक आहे. बैलाऐवजी त्याच्या पायाखालच्या गवताला चेंडू लागला, तर बक्षीस म्हणून सॅलड मिळेल, असेही त्यावर नमूद केलेले आहे.